शाळेत मुलाला त्रास होतो आहे : तोंडी तक्रार, लेखी तक्रार आणि मुलाचे स्वतःचे शब्द

सुरसागर | सोमवार, रात्री ९.४०

माझा मुलगा बडोद्यातील एका शाळेत सातवीत शिकतो. शाळेचे नाव देत नाही आणि कोणी ओळखले तरी कृपया येथे लिहू नये. तो बोलताना थोडा अडखळतो. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून त्याची पाण्याची बाटली घरी भरलेलीच परत येऊ लागली. सुरुवातीला मी त्याला रागावले, कारण एवढ्या उकाड्यात पाणी न पिणे हा मला निव्वळ हट्ट वाटला. मग लक्षात आले की तो घरात शिरला की दप्तर पाठीवरून न काढताच बाथरूमकडे धावतो. शाळेत लघवीला जावे लागू नये म्हणून हा मुलगा दिवसभर पाणी पीत नव्हता, हे कळायला मला, त्याच्या आईला, तीन आठवडे लागले.

वर्गातील चार मुले मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाचे दार बाहेरून धरून ठेवतात आणि "नाव सांग, मग सोडतो" असे म्हणतात. स्वतःच्या नावाच्या पहिल्याच अक्षरावर तो अडकतो, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. एकाने लपवून आणलेल्या फोनवर त्याचे चित्रीकरण केले आणि ते वर्गातील मुलांच्या ग्रुपवर फिरले.

मी वर्गशिक्षिकेला भेटले. त्यांनी त्या चौघांना आणि माझ्या मुलाला, असे पाचही जणांना वर्गासमोर उभे करून माफी मागायला लावली आणि हात मिळवायला सांगितले. आता ती चार मुले रोज सकाळी ओळीने हात पुढे करतात आणि मागचे बाक हसते. मुख्याध्यापकांचे म्हणणे असे की मुले आहेत, आठवड्याभरात विसरतील. आतापर्यंतचे सगळे बोलणे तोंडी झाले आहे. सासूबाई म्हणतात शाळा बदला, आणि मुलाचे बाबा त्याला सांगतात की तूही दोन ठेवून दे. पुढे काय करावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

मांडवी | सोमवार, रात्री १०.२५

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मी स्वतः माध्यमिक शाळेत शिकवतो. आमच्या वर्गांत साठ-साठ मुले असतात आणि मधल्या सुट्टीत दोन मजल्यांवर मिळून एक शिक्षक फिरत असतो. आपल्या मुलाला झालेला त्रास खरा आहे, त्याबद्दल मला शंका नाही. परंतु अलीकडे प्रत्येक चिडवाचिडवीला छळ म्हणण्याची पद्धत पडली आहे आणि संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर शिक्षकाच्या नावाने पंचनामा सुरू झालेला असतो. त्या भीतीने चांगले शिक्षकही मुलांच्या भानगडीत पडेनासे झाले आहेत. आमच्या लहानपणी टोपणनावे सगळ्यांनाच होती आणि त्यातूनच आम्ही घट्ट झालो, असे मला तरी वाटते.

कमाटीबाग | मंगळवार, सकाळी ७.१०

मी छत्तीस वर्षे शिकवले आणि त्यांतील शेवटची नऊ वर्षे मुख्याध्यापिका होते. मांडवी सरांचे साठ मुलांचे गणित मला पूर्णपणे मान्य आहे, मात्र घट्ट होण्याचे मान्य नाही. जे घट्ट झाले ते आज येथे लिहीत आहेत. जे शाळा सोडून गेले त्यांची हजेरी आपल्यापैकी कोणी घेतलेली नाही.

चिडवाचिडवी आणि छळ यांतील भेद फार कठीण नाही. नॉर्वेमध्ये १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यानंतर डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ पासून शाळांमध्ये मोठे काम उभे केले. त्यांनी लावलेल्या कसोट्या आजही उपयोगी पडतात : त्रास देण्याचा हेतू असणे, तो पुन्हा पुन्हा दिला जाणे, आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसणे. दोन मित्र एकमेकांना नावे ठेवतात तेव्हा बळ सारखे असते, आणि उद्या भूमिका उलटू शकते. चार जण दार धरून बसलेले आणि आत अडखळणारा एकटा, यात काहीच उलटू शकत नाही.

सुरसागरताई, वर्गशिक्षिकेने हात मिळवायला लावले ते चांगल्या हेतूने, पण तेथेच चूक झाली. मी सांगते कारण हीच चूक मी वर्षानुवर्षे केली आणि वर त्याचे मला कौतुकही वाटत असे. समेट हा भांडणाचा उपाय आहे आणि तेथे दोघांनाही थोडे थोडे मागे यायचे असते. ज्याला कोंडले जाते त्याने मागे यायचे म्हणजे कुठे यायचे? शिवाय सगळ्यांसमोर उभे केल्याने त्याचा अडखळणारा आवाज पुन्हा एकदा सगळ्या वर्गाने ऐकला. त्या चौघांना वेगवेगळे बोलवावे, एकाच तासाला बोलवावे म्हणजे बाहेर जुळवाजुळव होत नाही, आणि पीडित मुलाला त्यांच्यासमोर आणू नये. "तू असे का केलेस" हा प्रश्न तर विचारूच नये, कारण त्याला "मस्करी केली" हे उत्तर तयारच असते. "दार कोणत्या बाजूने धरले होते, फोन कोणाच्या हातात होता, तो आतून काय म्हणत होता" असे विचारावे. आतून काय ऐकू येत होते हे स्वतःच्या तोंडाने सांगताना मुले गप्प होतात, हे मी पाहिलेले आहे.

दुसरी गोष्ट जागेची आहे. असले प्रकार शिक्षक फळ्याकडे तोंड करून उभा असताना थोडेफार होतात, पण बहुतेक स्वच्छतागृह, जिन्याचे वळण, मैदानाचा आडोसा आणि व्हॅन येथे होतात. आम्ही एका वर्षी मधल्या सुट्टीच्या देखरेखीची खुर्ची शिक्षककक्षाच्या दारातून उचलून स्वच्छतागृहाच्या वाटेवर ठेवली होती. त्याला एक रुपया खर्च आला नाही.

न्यायमंदिर | मंगळवार, दुपारी १.३०

मी वकील आहे. कायद्याची बाजू मांडतो, मात्र त्याआधी सुरसागरताईंना एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. त्या चित्रीकरणात मुलगा कपड्यांविना किंवा अर्धवट कपड्यांत दिसतो काय, किंवा त्याच्या अंगाला कोणी हात लावल्याचे त्याने सांगितले आहे काय? उत्तर होकारार्थी असेल तर पुढचा मार्ग पूर्णपणे वेगळा आहे.

प्रथम साधा मार्ग सांगतो. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. हे कलम प्रामुख्याने शाळेच्या वर्तनासाठी आहे, मुलामुलांतील प्रकारांसाठी ते ओढूनताणून लावावे लागते. आपली शाळा केंद्रीय मंडळाशी संलग्न असेल तर त्या मंडळाने २०१५ मध्ये छळविरोधी समिती नेमण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. अशी समिती आहे का आणि तिची शेवटची बैठक केव्हा झाली, एवढे दोन प्रश्न लेखी विचारले तरी कार्यालयात हालचाल होते. शाळा राज्य मंडळाची असेल तर जिल्हा शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे जाता येते.

आता दुसरा मार्ग. प्रकाराला लैंगिक स्वरूप असेल तर लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात तो कायदा लागू होतो. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याचे ज्याला कळले त्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. प्रत्येकाने म्हणजे वर्गशिक्षिकेने, शिपायाने, डॉक्टरने, मुख्याध्यापकाने. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीबाबत माहिती दडवली तर तो एक वर्षापर्यंत असू शकतो. "आम्ही आधी अंतर्गत चौकशी करतो" हे वाक्य शाळांच्या तोंडी इतके बसले आहे की ते कायद्यातच असावे असा समज झाला आहे. ते कायद्यात कोठेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहाच्या प्रकरणात, मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरने न कळवल्याबद्दलचा खटला उच्च न्यायालयाने रद्द केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा उभा केला आणि वेळेत न कळवणे ही गंभीर बाब असल्याचे म्हटले. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेतही मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा शाळेने न कळवणे आणि पोलिसांचा विलंब यांवर कठोर ताशेरे ओढले होते.

मांडवी सरांच्या भीतीला कायद्यात उत्तर आहे. सद्भावनेने कळवणाऱ्यावर कलम १९ नुसारच कोणतीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला कलम २२ मध्ये शिक्षा आहे, मुलाला मात्र नाही. सरांनी म्हटलेला ग्रुपवरचा पंचनामा मात्र मलाही मान्य नाही. गुरुग्राममधील एका शाळेत २०१७ मध्ये लहान मुलाचा खून झाला तेव्हा बसच्या वाहकाला अटक झाली आणि सगळ्या देशाने त्याला दोषी ठरवून टाकले. केंद्रीय अन्वेषण विभागाने नंतर त्याच शाळेतील अकरावीच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतले आणि न्यायालयाने वाहकाला आरोपमुक्त केले. आपल्या मुलाचे आणि त्या चौघांचेही नाव ग्रुपवर जाता कामा नये, तेही अठराच्या आतीलच आहेत.

सुरसागर | मंगळवार, रात्री ९.०५

न्यायमंदिर सर, चित्रीकरणात फक्त बंद दार आणि त्याचा आवाज आहे. अंगाला हात लावल्याचे त्याने सांगितलेले नाही. मी थेट विचारलेलेही नाही, कारण विचारायचे कसे ते समजत नव्हते.

लहरीपुरा | मंगळवार, रात्री १०.५०

मी समुपदेशक आहे आणि दोन शाळांमध्ये आठवड्यातून दोन-दोन दिवस जाते. शेवटच्या वाक्यावरच लिहिते.

थेट विचारले नाही हे बरेच झाले. "त्यांनी तुला तिथे हात लावला का?" या प्रश्नाला घाबरलेले मूल हो म्हणते किंवा नाही म्हणते, आणि दोन्ही उत्तरे आपल्या प्रश्नाची असतात. "आत काय काय झाले ते मला पहिल्यापासून सांग" एवढेच म्हणावे आणि थांबावे. तो अडखळतो, म्हणून थांबणे येथे अधिकच महत्त्वाचे आहे. शब्द त्याच्या तोंडातून काढून घेऊन आपण वाक्य पूर्ण करायचे नाही. हवे तर त्याला लिहू द्यावे किंवा चित्र काढू द्यावे. एकदा सांगून झाले की तेच आजीला, काकांना आणि शेजारच्या काकूंना पुन्हा सांगायला लावू नये. मूल दर वेळी थोडे वेगळे सांगते, आणि मग "हा तर बदलून सांगतो" असे म्हणणारा कोणीतरी निघतोच.

आता माझा खरा मुद्दा. मुलाने सांगितले ते त्याच्याच शब्दांत, त्याच दिवशी, तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवावे. हे सोपे वाटते, पण आपल्या घरांत ते फारसे होत नाही, कारण आपल्याला त्या शब्दांची लाज वाटते. मी पाहिलेल्या एका प्रकरणात पहिलीतील मूल आईला मराठीत म्हणाले होते, "दादाने माझी चड्डी ओढली आणि शूच्या जागी हात लावला." आईने अर्जात लिहिले, "माझ्या पाल्याशी गैरवर्तन झाले." अर्ज इंग्रजीत होता. शाळेतील नोंदवहीत तेच गुजरातीत "तोफान" झाले, म्हणजे आपल्या मराठीत ज्याला नुसता खोडकरपणा म्हणू ते. तीन भाषांतून उतरता उतरता अपराध विरघळून गेला आणि वहीत एक दांडगट मूल उरले. त्या मुलाचे पहिले वाक्य कागदावर असते तर कलम १९ चा प्रश्न कोणालाही टाळता आला नसता.

आपण बडोदेकर घरात मराठी बोलतो, रस्त्यावर गुजराती, आणि अर्ज इंग्रजीत करतो. यात एरवी काही बिघडत नाही, येथे मात्र बिघडते. कायद्याने याचा विचार केलेला आहे. मुलाने दिलेली माहिती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत नोंदवावी आणि नोंदीची भाषा त्याला येत नसेल तर दुभाषा द्यावा, असे पॉक्सोच्या कलम १९ मध्येच म्हटले आहे. म्हणून अर्ज कोणत्याही भाषेत करा, पण मुलाचे वाक्य अवतरणचिन्हांत मराठीतच ठेवा आणि खाली अर्थ द्या. "शू" हा शब्द लिहिताना हात थांबला तरी लिहा. आणि ज्यांची मुले लहान आहेत त्यांनी अवयवांची नावे आताच शिकवून ठेवावीत.

दांडियाबाजार | बुधवार, सकाळी ८.२०

विषय शाळेचा असला तरी व्हॅनबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कायम असो वा कंत्राटी, वेळोवेळी पोलीस पडताळणी करण्याची जबाबदारी संस्थेवर आहे. परंतु आपल्यापैकी निम्मी मुले शाळेच्या बसने जात नाहीत. आपण चार घरे मिळून व्हॅनवाले काका ठरवतो आणि शाळा म्हणते की तो करार तुमचा आहे. आमच्या सोसायटीत आम्ही काकांना पडताळणीचा दाखला मागितला तेव्हा त्यांनी दोन दिवसांत आणून दिला आणि म्हणाले की अकरा वर्षांत प्रथमच कोणी मागितला. राग त्यांना आला नाही, संकोच आम्हालाच वाटत होता.

कमाटीबाग | बुधवार, सकाळी ९.००

ज्या संस्थानाने १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड लावला, त्या बडोद्यात आज आपण मूल शाळेत पोचते कसे हे स्वतःच ठरवतो आहोत. विषयांतराबद्दल क्षमस्व.

मांडवी | बुधवार, सायंकाळी ६.१५

लहरीपुरा ताईंचे भाषेचे उदाहरण वाचून मी आज आमच्या शाळेची शिस्त-नोंदवही उघडून पाहिली. मागील सत्रात "मस्ती" हा शब्द एकतीस वेळा आला आहे. त्यातील नऊ नोंदी माझ्या हातच्या आहेत आणि त्या वेळी नेमके काय घडले होते ते मला त्यातील दोन प्रसंगांतच आठवले. माझा साठ मुलांचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण वहीबाबत मला उत्तर नाही.

न्यायमंदिर | बुधवार, रात्री ९.३०

सुरसागरताई, अर्जाबाबत. सुरुवातीला एका ओळीत मागणी लिहा, तपशील नंतर. तारखा, जागा, कोण कोण हजर होते, आपण कोणाला केव्हा तोंडी सांगितले आणि त्यांनी काय केले, एवढे पुरे. त्या चौघांच्या आईवडिलांविषयी एक शब्दही नको. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. कार्यालयाने पोच देण्यास नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने पाठवा. ते चित्रीकरण स्वतः पुढे कोणालाही पाठवू नका. कोणाच्या फोनवर केव्हा आले ते लिहून ठेवा आणि मुलांच्या फोनवरून काढून टाकण्याची मागणी अर्जात करा. पुढे कधी त्याच्या अंगावर हात घालण्यापर्यंत प्रकार गेल्याचे कळले तर शाळेची वाट न पाहता १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवा. तो क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य चालतो. जबाब घरी घेता येतो, अधिकारी गणवेशात नसतो आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही, हे कलम २४ मध्ये आहे. घाबरून मागे राहू नका एवढ्यासाठीच सांगितले.

सुरसागर | पुढील सोमवार, रात्री ९.५०

अर्ज दिला. "त्यांनी दार धरलं आणि मला नाव विचारलं, मला माझं नाव येतं पण निघत नाही" हे त्याचे वाक्य मी जसेच्या तसे मराठीत ठेवले आणि खाली इंग्रजी अर्थ दिला. मुख्याध्यापकांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले. वाचताना माझाच आवाज अडकला. त्यानंतर त्यांनी "मुले आहेत" असे म्हटले नाही.

पोच मिळाली. चौघांना वेगवेगळे बोलावले गेले, त्यांच्या पालकांनाही बोलावले आणि ग्रुपवरील चित्रीकरण काढून टाकल्याचे लेखी घेतले. मधल्या सुट्टीत एक शिक्षक आता त्या मजल्यावर उभे असतात. बाटली बहुतेक दिवशी अर्धी रिकामी येते. मंगळवारी मात्र भरलेलीच असते, कारण त्या दिवशी खेळाचा तास असतो आणि मैदानाकडचे स्वच्छतागृह कोणाच्याच नजरेत नाही. ते मी उद्या लेखी कळवणार आहे.

एक नवीनच अडचण आली आहे. पाचवा एक मुलगा दार धरणाऱ्यांत नव्हता, नुसता उभा असायचा. त्याने शिक्षकांना सगळे खरे सांगितले. आता सगळे त्याला चुगलखोर म्हणतात आणि डबा खायला कोणी त्याच्याजवळ बसत नाही. त्याची आई मला भेटून रडली. मला अपराधी वाटते आहे.

लहरीपुरा | पुढील सोमवार, रात्री ११.१५

हा मुलगा या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचा मुलगा आहे. फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिवाली यांचे संशोधन नेमके याच मुलांवर आहे. त्रास देणाऱ्याला बळ मिळते ते बघणाऱ्यांकडून, आणि म्हणून तेथील शाळांचा कार्यक्रम बघणाऱ्या मुलांना केंद्रस्थानी ठेवूनच आखला आहे. आपल्याकडे मात्र सांगणाऱ्या मुलाला वर्गासमोर शाबासकी देतात आणि तेथेच त्याचा घात होतो. शिक्षकांनी त्याचे नाव कोणासमोर घेतले का, हे आधी विचारा. घेतले असेल तर ती चूक शाळेची आहे, आपली नाही.

शाळेला एक सुचवून पाहा. तक्रारपेटी कार्यालयासमोर टांगलेली असते आणि तिच्यात चिठ्ठी टाकताना सगळी शाळा बघते, त्यामुळे ती रिकामीच राहते. त्याऐवजी दर शुक्रवारी शेवटच्या तासाला प्रत्येक मुलाला सारखाच कागद द्यावा आणि या आठवड्यात शाळेत काय आवडले, काय नाही, हे प्रत्येकाने लिहावे. ज्याला काही सांगायचे नाही त्याने पाढा लिहावा, पण लिहिणे सगळ्यांना सक्तीचे असावे. सगळ्यांच्याच पेन्सिली चालत असल्या की कोण काय लिहितो आहे ते कोणाला कळत नाही. माझ्या एका शाळेत पहिल्या शुक्रवारी बेचाळीस कागदांपैकी अडतीसांवर पाढेच होते. चौथ्या शुक्रवारी पाढे अकरा होते.

मांडवी | मंगळवार, सकाळी ६.४०

हा कागद किती मोठा द्यावा? पाव पान पुरेल का? या शुक्रवारी माझ्याकडे सातवी ब चा शेवटचा तास आहे.

लहरीपुरा | मंगळवार, सकाळी ७.०५

अर्धे पान द्या, सर. पाव पानात मुले फक्त "काही नाही" एवढेच लिहितात. आणि कागद गोळा करताना शिक्षकाने तेथे उभ्या उभ्या वाचू नये.